शंभर पट जवळचा चंद्र

रमजान १९
रय्याने मस्कतहून फोन आणला. या वर्षीचा सगळ्यात भारी म्हणे. लांबचं शंभर पट जवळ दाखवतो. "बाबा, चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात!" खड्डे घेऊन काय करू? मला कोर लागते.
पाठ काचेची. हातातून साबणाच्या वडीसारखा निसटतो, म्हणून वर रबराचं कव्हर. मग काच कशाला घातली? नाव मोठं, लक्षण खोटं.

रमजान २०
आज खरं कारण कळलं. काझी खल्फान यांनीच रय्याला सांगितलं होतं — यंदा चंद्र बघायला डोंगरावर फोनही हवा. धरणार कोण, तर चंद्र बघायच्या समितीतला नवा पोरगा, सैफ.
एकेचाळीस वर्षं या गावाने ईदचा चंद्र माझ्या डोळ्यांनी पाहिला. साक्षीदार दोन लागतात. दुसरा नस्र असायचा, तो हिवाळ्यात गेला. त्याच्या जागी आता हे यंत्र! एक दिवस चुकला तर अख्ख्या गावाचा मोडलेला रोजा साक्षीदाराच्या मानेवर बसतो. फोनला मान आहे कुठे?

रमजान २१
तोंड पाहून उघडतो म्हणे. धुळीसाठी डोक्याला गुंडाळलेल्या मुसरचं टोक नाकावर ओढलं, तर ओळख द्यायला तयार नाही. शेजारची शेळी ओळखते मला.

रमजान २३
फोटो काढले. खजुरीचे, पाटाचे, रय्याचे. सगळे धूसर. एवढा कौतुकाचा कॅमेरा आणि फोटो धुक्यातले! अक्षरं तर मुंग्यांसारखी.
रय्याला दाखवले. "बाबा, यात माझ्या ओढणीचे टाके मोजता येतायत." मग हळूच म्हणाली, "ईदच्या आधी निझवाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"
फोन फसला हे पोरीला कबूल करवत नाही, म्हणून माझ्या डोळ्यांवर घसरली. याच डोळ्यांनी ताऱ्यांवरून पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावल्यात मी. ओरडलो तिच्यावर. ओरडायला नको होतं.

रमजान २४
बॅटरी दुपारी संपली. मी उपाशीपोटी सूर्यास्तापर्यंत टिकतो.

रमजान २६
पकडला चोर!
रोजा सोडल्यावर रखालच्या पातळ पोळीचा कोरीसारखा तुकडा तोडला, कोठाराच्या काळ्या दारावर चिकटवला आणि अंगणाच्या या टोकाला येऊन फोन धरला. जरा घुटमळला, आणि मग चक्क चंद्र काढला. डागांसकट!
रय्याला म्हटलं, बघ. "छान आलाय की चंद्र!" म्हटलं, जा, खाऊन ये तो. दारापर्यंत गेली आणि हसत सुटली. म्हणाली, "याला चंद्र कसा असतो ते शिकवून ठेवलंय, बाबा. पांढरं, वाकडं काही दिसलं की उरलेलं तो मनाचं भरतो."
मनाचं भरतो! असला साक्षीदार काझींनी जोड्याने हाकलला असता.

रमजान २७
पोळीचा चंद्र काझींना दाखवून आलो. पोट धरून हसले. पण माणूस चिवट. "मनाचं भरायची सोय बंद करता येते का, सैफ?" सैफ म्हणाला, येते. "मग बंद करून आण. साक्ष या हमूदचीच. फोन नुसता उभा राहील."
राहू दे उभा. त्याला काय दिसणार आहे!

रमजान २८
उद्या. चंद्र कुठे दिसणार ते मला पाठ आहे — खिंडीच्या डावीकडे, दोन बोटं वर. मागच्या वर्षी तिथेच बोट दाखवलं होतं. नस्र डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "तू पाहिलास ना? मग आहे." आणि शपथ घेतली.
त्याची फार आठवण येते.

रमजान २९
रय्याने मुसर धुऊन, धूप देऊन ठेवलाय. हवा स्वच्छ आहे. निघतो.

रमजान ३०
आज रोजा आहे.
काल सूर्य बुडाला आणि कोर मला लगेच दिसली. खिंडीच्या डावीकडे, दोन बोटं वर, बारीक, लख्ख. सैफ फोनमध्ये बघत म्हणाला, "यात तर नुसतं आकाश आहे, काका." काझींनी कागद पुढे केला. "हमूद, शपथ घे आणि सांग."
डोळ्यांत धूळ गेली होती. चोळायला म्हणून मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही कोर तिथेच होती.
"नाही दिसला," म्हणालो.
मागच्या वर्षी शपथ घेण्याआधी मी डोळे मिटून पाहिले नव्हते.