खदानीतले तीन पट्टे

११ जानेवारी
हुडकेश्वर मागे टाकून पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथे कुंभारांची जुनी खदान. पिढ्यान् पिढ्या माती काढून झालेला वेडावाकडा खड्डा. आता बाभळी आणि प्लास्टिक. विभागासाठी जुन्या खदानींचा नकाशा करतेय, त्याच्या यादीतली ही सव्विसावी. आधीच्या पंचवीस पाहून कंटाळा आला होता, पण हिच्यावर जीव जडला. उत्तरेची भिंत उभी कापलेली, काळ्या मातीत हातभर लांबीचे तीन पट्टे : पिवळा, तांबूस, राखाडी. तीन तास समोर बसून चित्र काढलं. वि. स्कूटरवर बसून शेंगा खात होता. म्हणाला, लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मला कधी एवढं निरखलं नाहीस. म्हटलं, तुझ्यात पट्टे नाहीत.

१९ जाने.
अहवाल पुरा. पट्ट्यांबद्दल लिहिलं : ‘बाहेरून वाहून आलेला गाळ. खदानीत वेळोवेळी पुराचं पाणी शिरत असावं.’ ‘असावं’ लिहिलं की मला जरा बरं वाटतं. एक प्रत आमच्या भूशास्त्र विभागात, एक त्या ग्रामपंचायतीला.

२ फेब्रु.
दोन मापं राहिली होती म्हणून परत. काठावर काठी टेकून एक म्हातारी. सुभद्रामावशी, गावातलं शेवटचं कुंभाराचं घर. मुलगा ऑटो चालवतो, घरातलं चाक बंद.
“काय मोजून राहिली वं बाई?”
पुराचं सांगितलं. हसता हसता तिला खोकला लागला. “येथं पूर कुठून येईन? नदी दोन कोस तिकडे.” मग खाली उतरली, मी हात द्यायच्या आत. पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “हे मी आनली.”
त्यांच्यात नवी सून माहेरच्या खदानीतली घमेलंभर माती आणते आणि सासरच्या खदानीत, वापरून झालेल्या खड्ड्यात टाकते. ती मुरली की सुनेच्या हातचं भांडं फुटत नाही म्हणे. तांबूस माती मावशीच्या सासूची, उमरेडकडची. राखाडी? चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकली. “हे कोनाची मले नाई माहीत. सासूच्या सासूची असन.”
तीन सुनांना मी पूर म्हणून लिहून मोकळी. पूर हातभर लांबीचा असतो का, एवढंही सुचलं नाही.

९ फेब्रु.
दुरुस्ती पाठवायला हवी. विभागातले सर म्हणाले, घाई काय, पुढच्या अहवालात घालू. मीही हो म्हटलं. आळस, दुसरं काय. थोडी लाजही.

२१ फेब्रु.
सरपंचबाईंचा फोन. खुशीत. “मॅडम, तुमचा रिपोर्ट लय कामी आला. पूर येते म्हन्ता ना तुमी त्याच्यात? लेकरं बुडतीन. बुजवून मैदान करून टाकतो.”
एक मार्चला ग्रामसभा.

२३ फेब्रु.
मावशीकडे गेले. सगळं सांगितलं, माझ्या अहवालापायी हे होतंय हेही. चिडेल वाटलं होतं. चहा दिला. एप्रिलमध्ये नातवाचं लग्न, मुलगी भिवापूरकडची, नर्स आहे. सून कुंभाराची नव्हती, तिनं माती आणली नाही; ही कुंभाराचीच. “बुजवली तं नातसून माती टाकीन कुठं?” एवढंच विचारलं. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

१ मार्च
ग्रामसभा. उभी राहिले. पूर नाही, माझी चूक आहे, म्हटलं. सुनांच्या मातीचं सांगितलं. मागून कुणीतरी, “मंग रिपोर्ट खोटा हाय का?”
“चुकीचा आहे.”
बायका पट्टे कुणाकुणाचे ते आपसांत विचारू लागल्या. तेवढ्यात एक बाप उठला. “पूर नसन, पन माही पोरगी गेल्या पावसाळ्यात तेथंच घसरली. पाय मोडला तिचा.” त्याचंही खरं होतं. पोरांना मैदान हवंच आहे.
शेवटी सरपंचबाई : “बुढीच्या घरचं लगन होऊ द्या. मंग पाहू.”
मावशी माझा हात धरून फाटकापर्यंत आली. हात असा खरखरीत की सोडवेना. ही बाई मला फार आवडते.

४ मार्च
दुरुस्ती विभागात स्वतः नेऊन दिली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, शिक्का मारून ठेवून घेतली.

१५ मार्च
दुपारी अनोळखी नंबर. मावशीची होणारी नातसून, प्रणाली. ड्यूटीवरून बोलत होती, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.
“आजीनं तुमचा नंबर देल्ला. मॅडम, आमच्या गावची खदान तं मी लहान होती तवाच बुजली. बाबानं चाकही देऊन टाकलं. नर्सरीतली माती चालन का?”
चालेल म्हणावं असं फार वाटलं. म्हटलं नाही.
मग म्हणाली, “तुमच्या नकाशात आमच्याकडची एखांदी उघडी असन ना?”
नकाशा जमिनीवर पसरला. भिवापूरच्या बाजूला नऊ खुणा. आठ पाहिलेल्या, आठही बुजलेल्या. नववीपुढे माझ्याच अक्षरात ‘पाहायची राहिली’.
तिला सांगितलं, रविवारी सोबत जाऊ. उघडी असेलच असं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, “नसली तं आजीले काय सांगाचं, ते तुमीच सांगा.”
सकाळच्या बसनं निघायचं. वि. विचारतोय, येताना घमेलं मांडीवर कोण घेणार.