टेपेतलं ट्रामचं तिकीट

बाबा, सगळ्यात आधी आली ती केस कापलेली मुलगी. दार उघडते तर पाठीवर गिटार, दोन्ही हातांत एक जडशीळ पेटी, आणि मला म्हणते, "आज्जी सरका, पाठ गेली माझी." ओळख ना पाळख. मी सरकले. तिच्यामागून माझा नातू, म्हणजे तुमचा पणतू, आणि त्याच्यामागे परळचा एक दाढीवाला, तो कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. मुलीनं पेटी टेबलावर ठेवून झाकण उघडलं आणि मी खुर्चीत बसलेच. तीच दोन चाकं, तीच बटणं. कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून दुरुस्त करून आणलं होतं टेपरेकॉर्डरचं मशीन. का आणलं ते सांगते, पण आधी ह्या तिघांचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नेहमीसारखी भलतीकडेच गेली.

तिघंही आपापल्या घरी वाजवतात. नातू बेडरूमचं दार लावून, दाढीवाला ऑफिसातून आल्यावर, मुलगी सकाळी वरळीला आपल्या गॅलरीत. वाजवलेलं फोनमध्ये भरायचं आणि दुसऱ्याला पाठवायचं. तो ऐकतो, पुढे आपलं जोडतो आणि तिसऱ्याला पाठवतो. पैसे नाहीत, स्टेज नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. "तिसऱ्या मिनिटाला हात अडखळला तुझा, गाढवा" एवढंच कौतुक. नातवानं हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ह्यात नवीन काय आहे, हे तर आमच्या घरी व्हायचं. तो हसला. मग मी गोधड्यांखालचा बिस्किटांचा डबा काढून त्यातलं रीळ त्याच्या हातावर ठेवलं. तेव्हा हसायचा थांबला.

तुम्हीही तिघंच होतात. तुम्ही, गिरगावातले शिंपीमास्तर, आणि दादरचे रेडिओ दुरुस्त करणारे काका. मशीन काकांचं, बोटीवरच्या कुणीतरी ठेवून गेलेलं. ते गोधडीत गुंडाळून आठ-आठ दिवस एकेकाच्या घरी जायचं. रीळ एकच. ज्याची पाळी त्यानं आधीचं सगळं ऐकायचं, मग आपलं वाजवून भरायचं, आणि आपलं संपेल तिथे टेपेच्या वेढ्यात ट्रामचं तिकीट खोचायचं. पुढच्यानं तिकिटापासून सुरू करायचं. आपल्या खोलीत बल्ब काढून त्याच्या होल्डरमधून वायर घेतलेली, म्हणून सगळं दिवसाउजेडी. चाळीतली पोरं दारात गर्दी करायची आणि तुम्ही मागाच्या चामडी पट्ट्याच्या तुकड्यानं गिटारीच्या तारा छेडायचात. गिरणीत दिवसभर खडखडाट ऐकणारा माणूस, पण एक तार चढली तर तुमच्या कपाळाला आठी पडायची.

आता लिहायलाच बसलेय तर हेही लिहिते, की तुमचा हात वाईट होता. आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. तो डाग आये दर दिवाळीला चुन्यानं पुसायची. शेजारच्याचा दात तुम्ही नळाच्या रांगेत पाडलात, आणि तो माणूस पुढे दोन वर्षं तुम्हाला पाहून रांग सोडायचा. आणि मी, तुम्ही गिरणीत कामाला गेलात की गिटार मांडीवर घेऊन बसायचे. मास्तरांनी एकदा पकडलं मला. ओरडले नाहीत. माझं डाव्या हाताचं बोट उचलून तारेवर एक घर मागे ठेवलं, नख वाढलं की तार दाबत नाही म्हणाले, आणि तुम्ही आलात तेव्हा म्हणाले, "हिच्या बोटांत आहे रे काहीतरी. हिची पाळी पण धर." तुम्ही त्यांच्यासमोर हसलात. ते जिना उतरल्यावर लाकडी पळी माझ्या बोटांवर मारलीत आणि म्हणालात, "परत हात लावलंस तर बोटां मोडून हातात देतलंय." बोटं आठ दिवस सुजलेली होती. डाव्या हाताची. मी उजव्या हातानं जेवत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

पुढे ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आज पोरांना सांगावं तर त्यांना वाटतं सभा, भाषणं आणि घोषणा. आम्हाला आठवतात त्या विटा. लालबागच्या आपल्या गॅलरीत बायकांनी विटांचे तुकडे घमेल्यांत भरून ठेवलेले, सोड्याच्या बाटल्या ओळीनं, आणि अश्रुधुरासाठी ओल्या पंच्यांची बादली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा जबडा लाठीनं निखळला, तर तो हातानं धरून घरी आला आणि बायकोनं फडक्यानं डोक्याला बांधला. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं पूर्वी लष्करात असताना भाजलेल्या हातानं धुराचा गोळा उचलून परत पोलिसांवर फेकला. रक्त पुसायला फडकी पुरेनात म्हणून आयेनं माझा परकर फाडला. मला परकराचं फार वाईट वाटलं होतं. माणसांचं नंतर वाटलं.

अशात मशीन आपल्याकडे आलं. मास्तरांनी आपलं भरून पाठवलेलं, वेढ्यात तिकीट खोचलेलं. तुम्ही वायर जोडलीत, सगळं नीट चालतंय ना बघितलंत आणि म्हणालात, आल्यावर सावकाश ऐकतो, आधी मोर्चाला जाऊन येतो. गिरणी बंदच होती. जाताना दारातून परत फिरलात आणि माझ्याकडे बोट दाखवलंत.

तुम्ही जिना उतरलात आणि मी मशीनपाशी गेले. मला मास्तरांच्या पुढे माझं भरायचं होतं. तीन सूर यायचे मला, तेच मागेपुढे. रीळ तुमच्याकडून काकांकडे आणि काकांकडून परत मास्तरांकडे गेलं की त्यांना कळलं असतं, हिनं पाळी धरली. एवढंच हवं होतं. पण मी चाक फिरवलं आणि तिकीट सुटून खाली पडलं. आता कुठे खोचायचं? अंदाजानं खोचलं. अंदाज चुकला. मास्तरांचं वाजवणं जिथे संपत होतं तिथे नाही, त्याच्या पार मध्यावर खोचलं, आणि तिथूनच भरायचं बटण दाबलं; नवं भरलं की त्या जागचं जुनं पुसलं जायचं.

बटण दाबलं आणि खाली सुरू झालं. आधी पळापळ, मग दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्याचे आवाज, मग बंदुकांचे बार. एक, दोन, मग मोजता येईनात. तुमचाच नियम होता ना, एकदा चाक सुरू झालं की खोकला येवो, शिंक येवो, थांबायचं नाही. मी थांबले नाही. गिटार मांडीवर घेतली आणि तीन सूर वाजवत राहिले. गॅलरीत आये ओरडत होती, कुणाच्या तरी आईबापाचा उद्धार करत होती. समोरच्या फुटपाथवर एक माणूस बसल्यासारखा पडला, तो उठला नाही. मग आये आत धावत आली, माझ्या मांडीवरची गिटार बघितली आणि विटा संपल्या होत्या म्हणून पाट्यावरचा वरवंटा मागितला. मी तो उचलून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी गॅलरीतून खाली सोडला. कुणाला लागला ते देव जाणे. चटणीला मात्र आम्ही पुढे वर्षभर शेजारणीकडे जात होतो. परत आत आली ती वायरला अडखळली, होल्डरमधून वायर निसटली आणि चाकं थांबली.

तुम्ही दुपार टळताना आलात. सदऱ्यावर रक्त होतं, तुमचं नव्हतं. भिंतीला पाठ लावून म्हणालात, "मास्तर गेलो." तिकडे गिरगावात, मोर्चा गेला त्याच रस्त्यावर, दुकानाची फळी लावत होते. मोर्चात नव्हते, दगड उचलला नव्हता, फळी लावत होते. गळ्यात गोळी लागली. तुम्ही त्यांना खाटेवर घालून नेणाऱ्यांत होतात. मग तुम्ही तोंड धुतलंत, वायर जोडलीत, मागे फिरवून मास्तरांचं लावलंत. खोलीत आम्ही तिघं. मास्तर वाजवत होते. आणि मध्येच एक खर्र झालं, मास्तर गेले, आणि बार सुरू झाले.

तुम्ही बटण बंद केलंत. पुढचं ऐकलंच नाहीत. "कोण?" एवढंच विचारलंत. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आधी आये म्हणाली, "माझो हात लागलो. मशीन पुसूक गेलंय."

तुम्ही गिटार मानेला धरून उचललीत आणि मोरीतल्या पिंपावर हाणलीत. पहिल्या फटक्यात पोट फुटलं. दुसऱ्यात मान मोडली. तिसऱ्यात एक खुंटी उडाली आणि आयेची भिवई फाटली. मी परकराच्या उरलेल्या तुकड्यानं तिची भिवई दाबून धरली आणि तिनं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला, की गप राहा. मी गप राहिले. मशीन काकांनी परत नेलं, रीळ बिस्किटांच्या डब्यातून तुमच्या ट्रंकेत गेलं, आणि तुम्ही पुन्हा कधी तारेला हात लावला नाहीत. भिवईवरची ती चीर मी आयेला शेवटची आंघोळ घालतानाही पाहिली. तुम्ही तिला मरेपर्यंत म्हणत राहिलात, "हिणं माझो दोस्त पुसल्यान." चारचौघांत म्हणायचात. ती भाकऱ्या थापत राहायची.

तर रविवारी ते रीळ त्या मशीनवर चढलं. टेप दोनदा तुटली, मुलीनं चिकटपट्टीनं जोडली. मी देवाजवळ जाऊन बसले होते, ऐकायला नको म्हणून. पण घर केवढंसं. आता चाळ पाडून टॉवर झालाय, तरी घर केवढंसंच आहे. मास्तर वाजू लागले. मग खर्र. मग बार. नातू म्हणाला, "आयला, हे खरं आहे?" आणि मग त्या बारांखालून, बाबा, तीन सूर. मागेपुढे, मागेपुढे. आणि मग आये. इतक्या वर्षांनी माझी आये, अगदी कानाशी: "ठेव ता गितार, तो वरवंटो दी माका." पोरं पोट धरून हसली. मी पण हसले, रडता रडता. त्यांनी चार वेळा परत लावलं. दाढीवाला म्हणतो, "आज्जी, वरवंटा का?" मी म्हटलं, "विटा संपल्या होत्या." तर तो जमिनीवर आडवा.

पण खरं पुढेच आहे. वायर निसटली त्या जागी एक खट्ट, आणि त्यानंतर मास्तर. हो, मास्तरच. मी पुसलं ते मधलं. त्यांचा शेवट तसाच शाबूत होता, एवढी वर्षं त्या डब्यात. कितीतरी वेळ वाजवतात ते, अगदी निवांत, जशी काही बाहेर मुंबई नाहीच. आणि संपवून, गळा साफ करून म्हणतात, "आतां तुजी पाळी, इश्टा." दोस्ताला ते इश्टाच म्हणायचे. तुम्ही बटण दाबलं नसतंत तर ऐकलं असतंत. तुमच्या हातालाच घाई फार. आणि मी तोंड उघडलं असतं तर आयेची भिवई फाटली नसती. दोन्ही मी आता एकाच कागदावर लिहितेय, कमीजास्त तुम्ही ठरवा.

मुलीनं ते मधलं, बारांखालचं, कानाला लावून परत ऐकलं. म्हणाली, "आज्जी, गोळ्या चालल्यात आणि हात एकदा पण अडखळला नाहीये. कोण आहे हे?" आणि मी म्हटलं, माझे वडील. का म्हटलं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांची सवय, तुमच्या गिटारीला हात लावलेला कबूल करायचा नाही. ती म्हणाली, भारी होते तुमचे वडील. मी मान डोलावली आणि चहा टाकायला उठले. कपबश्या विसळताना मला एवढा आनंद झाला होता की चहात साखर दोनदा पडली.

हे पत्र कुठे टाकायचं, तुम्हाला पत्ता राहिलाय थोडाच. रिळाबरोबर डब्यात ठेवीन. मास्तरांना उत्तर द्यायचं राहिलंय, ते पोरं माझ्या घरीच भरणार आहेत, रिळावर नाही, फोनमध्ये, पण मास्तर संपतात तिथूनच. मुलगी म्हणाली, तुमच्या वडिलांचे ते तीन सूर आम्हाला हवेत, कुठल्या तारेवर आहेत तुम्हाला आठवतंय का. आठवतंय. तिला सांगणार आहे, कुणाचे तेही. गुरुवारी चार वाजता येतो म्हणालेत. डाव्या हाताची नखं मी आजच कापून ठेवलीत.