पहिली निवड आणि बारावी जागा

प्रिय बाबा,

गुरुवारी फुटबॉलचा ड्राफ्ट झाला, नव्या खेळाडूंची निवड. आपल्या टीमने पहिल्या नंबरवर कोणाला घेतलं हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते काम माझंच. पण पत्र लिहायला बसले ती तेवढ्यासाठी नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी काल मोडला. का मोडला आणि त्यानंतर काय झालं, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटतं.

मी तुम्हाला याआधी कधी पत्र लिहिलं नाही. माझ्या आणि निखिलच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातली तेरा आपण फोनवरच बोललो. "कशी आहे बेटा?" "बरी आहे बाबा." एवढं झालं की तुम्ही फोन आईंकडे द्यायचात. आई गेल्या आणि निखिल तुम्हाला इकडे अमेरिकेत, पार्सिपनीला घेऊन आला, तेव्हा खरं सांगते, मला धास्तीच वाटली होती. निखिल सकाळी ट्रेनने जर्सी सिटीला जाणार, रेवा शाळेत, मी माझ्या खोलीत मीटिंगमध्ये. नागपूरच्या शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवलेला, कबड्डीचे संघ तयार केलेला माणूस या टाउनहाउसमध्ये दिवसभर करणार काय?

मग एका रविवारी मी फुटबॉल लावला होता. इथला फुटबॉल, हातात बॉल धरून पळायचा. ऑफिसमुळे मला त्याचा नाद लागलेला. तुम्ही येऊन बसलात, बराच वेळ पाहिलंत आणि मग म्हणालात, "हा डावीकडचा जाडा पोरगा मस्त खेळून राहिला."

मी सहा वर्षं फुटबॉल पाहत होते बाबा. त्या माणसाकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. त्याला लेफ्ट टॅकल म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलं. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक हा सगळ्यांचा लाडका, आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचं काम या जाड्याचं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे हा यांचा कोपरा." कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरायला कोपऱ्यावर उभा असतो, तो गडी. "बॉल तर सगळेच पाहतात. ज्याच्याकडे बॉल नाही तो काय करून राहिला, ते पाहायचं असते."

त्या दिवसापासून रविवार आपले झाले. तुम्ही आणि मी सोफ्यावर, रेवा खाली कार्पेटवर. निखिल मात्र मॅच सुरू झाली की लॅपटॉप घेऊन वर जायचा. मला वाटायचं, त्याला खेळांची आवडच नाही. कबड्डीच्या सरांचा मुलगा, आणि त्याला कुठल्याच खेळाची आवड नाही, हे मला कधी विचित्र कसं वाटलं नाही?

या सीझनला आपली टीम इतकी हरली की लीगमध्ये सगळ्यात शेवटी आली. मी तुम्हाला समजावलं की कॉलेजातून आलेले खेळाडू एप्रिलमध्ये सगळ्या टीम वाटून घेतात, आणि जी टीम शेवटी आली तिला पहिली निवड मिळते. तुम्हाला ते फार आवडलं. "हरणाऱ्याला आधी विचारतात? हे बरं आहे."

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. मी कॅलिफोर्नियाच्या क्वार्टरबॅकच्या बाजूची. तुम्ही विस्कॉन्सिनच्या एका लेफ्ट टॅकलच्या बाजूचे. पोह्यांवर तर्री घालताना भांडण, थंडीत सकाळी चालायला मॉलमध्ये जायचो तिथे अजून न उघडलेल्या दुकानांसमोरून फेऱ्या मारताना भांडण. रेवा म्हणायची, "आजोबा, नोबडी टेक्स अ टॅकल फर्स्ट." तुम्ही म्हणायचात, "कोणी घेत नाही म्हणून घ्यायचा नाही का?" मी म्हणायचे, बाबा, मॅच कोण जिंकून देतं? तुम्ही म्हणायचात, संघ म्हणजे गरज, ज्याची गरज त्याला घ्यायचं. हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की रेवा तुमची नक्कल करायला लागली.

परक्या देशातल्या टीमसाठी एखादा माणूस एवढा जीव तोडून का भांडतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं ना? सगळे शनिवारी आपल्याकडे जमले होते. पुरुषमंडळींत ड्राफ्टचा विषय निघाला आणि तुम्ही तुमच्या टॅकलची बाजू मांडायला लागलात. मी तिळगुळाची वाटी घेऊन आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हा जिल्ह्याचा कबड्डी संघ नाही, की खोलीत तीन मास्तर बसले आणि ठरवून टाकलं."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. आणि ज्याने या वादात कधीच तोंड उघडलं नव्हतं तो निखिल किचनच्या दारातून म्हणाला, "बाबांना निवडीतलं फार कळतं. त्यांनाच विचारा."

त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तुम्ही हातातली बशी टीपॉयवर ठेवलीत आणि खोलीत निघून गेलात. मला कळलं, काहीतरी भलतंच झालंय. काय, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये मी तुमची माफी मागणार होते. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण एक फेरी पूर्ण व्हायच्या आतच तुम्ही बाकावर बसलात आणि तुम्हीच बोलायला लागलात. माझी माफी राहूनच गेली. ती आज मागते बाबा. मी थट्टा करायला नको होती.

तुम्ही म्हणालात, "निखिल सतरा वर्षांचा होता. चढाईला असा जायचा की समोरचे सात जण नुसते पाहत राहायचे."

मला माहीतच नव्हतं की निखिल कधी कबड्डी खेळला आहे. सोळा वर्षांच्या संसारात त्याने हे मला सांगितलं नव्हतं.

जिल्ह्याचा संघ निवडायला तिघे बसले होते, त्यातले एक तुम्ही. अकरा नावं ठरली. बारावी जागा एक आणि मुलं दोन. एक निखिल, दुसरा विलास नावाचा कोपऱ्यावर खेळणारा मुलगा. बाकीचे दोघे म्हणाले, सर, तुमचा मुलगा आहे म्हणून काय झालं, खेळ चांगला आहे, घेऊन टाका. तुम्ही म्हणालात, नको, संघाला कोपऱ्याची गरज आहे, विलासला घ्या. घरी येऊन निखिललाही हेच सांगितलंत.  दुसऱ्या दिवसापासून निखिल मैदानावर आला नाही, तो कधीच आला नाही. बारावीची परीक्षा झाली, इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथून इकडे.

"पण कोपऱ्याची गरज होतीच ना?" मी विचारलं.

तुम्ही समोरच्या दुकानाच्या बंद शटरकडे पाहत होतात. "कोपरे दोन होते संघात. चांगले होते. गरज नव्हती. मी घाबरलो होतो, अश्विनी. लोक म्हणतील, मास्तरनं पोराला घुसवलं. खेळ पाहून निवडलं असतं, तर निखिललाच घ्यायला पाहिजे होतं."

आणि मग म्हणालात, "संघाला कोपरा लागतोच, हे मी पंचवीस वर्षं स्वतःलाच सांगून राहिलो."

मी म्हणाले, बाबा, हे त्याला सांगा. आजच सांगा. तुम्ही म्हणालात, "सांगतो. तुझा तो ड्राफ्ट येऊ दे, तेव्हा विषय निघेलच. तू नको सांगू. हे माझं मी सांगीन." मी शब्द दिला.

का थांबलात बाबा? तीन वर्षं एका घरात राहिलात, एका टेबलावर जेवलात. त्या रविवारी घरी आलो तेव्हा तो समोरच भाजी चिरत होता. तुम्ही फक्त "कांदा बारीक चीर" एवढंच म्हणालात. मी तुमच्यावर चिडत नाही, पण हे मला अजून समजत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी तुम्ही चालायला निघायचं म्हणून बूट घालायला खुर्चीवर बसलात आणि उठलाच नाहीत. निखिल ऑफिसला पोचला होता. मी ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसले होते, मागे तुमच्याजवळ मला बसू दिलं नाही. निखिल हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलून गेलेही होते. तो तुमच्याजवळ बसला आणि त्याने तुमच्या पायांतले मोजे सरळ केले. दिवस झाले, लोक येऊन गेले, तरी त्याने तुमचा विषय काढला नाही.

मी रोज ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, शब्द दिलाय. जिवंत माणसाला दिलेला शब्द तो गेल्यावर संपतो की आणखी घट्ट होतो? मला कोण सांगणार होतं?

गुरुवारी जेवणाच्या वेळेला ड्राफ्ट सुरू झाला. रेवाने टीव्ही लावला आणि निखिल खाली येऊन सोफ्यावर बसला. तुमच्या जागेवर नाही, मधे एक जागा सोडून. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

टीमने क्वार्टरबॅक घेतला बाबा. माझाच. रेवाने टाळी वाजवली आणि मधेच थांबवली. मला काहीच वाटलं नाही. ज्याच्यासाठी तुमच्याशी एवढी भांडले तो पोरगा स्टेजवर टोपी घालून उभा होता आणि मला टीव्ही बंद करावासा वाटत होता.

तेव्हा निखिल म्हणाला, "टॅकल घ्यायला हवा होता. बाबा बरोबर होते." आणि मग माझ्याकडे न बघता, "टीमला काय हवं ते त्यांना कळायचं. तेव्हाही ते बरोबरच होते."

तुम्ही ऐकलं असतंत तर काय केलं असतंत? ज्या एका गोष्टीत तुम्ही चुकला होतात, त्याच गोष्टीत तो तुम्हाला बरोबर म्हणत होता. त्याने तुम्हाला जवळ केलं होतं, पण एका खोट्यावर. मी गप्प बसले असते तर तुम्ही त्याच्या मनात कायमचे खरे राहिला असतात. आणि तो स्वतःच्या नजरेत कायमचा कमी राहिला असता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

काल आम्ही दोघं वाणसामान आणायला एडिसनला गेलो होतो. सामान गाडीत ठेवलं. निखिलने गाडी सुरू केली तेव्हा मी म्हणाले, "बाबांनी मला एक सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाले होते."

त्याने गाडी बंद केली. मी सगळं सांगितलं. शेवटी तुमचं ते वाक्य सांगितलं.

तो म्हणाला, "परत सांग. ते काय म्हणाले ते. त्यांचेच शब्द."

"खेळ पाहून निवडलं असतं, तर निखिललाच घ्यायला पाहिजे होतं."

त्याने ते माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"तुला वाटतं मी रागावलो होतो त्यांच्यावर," तो म्हणाला. "मी रागावलो नव्हतो गं. मला लाज वाटत होती. बाबांना खेळ कळतो. ते म्हणतात म्हणजे मी कमीच पडलो असणार. त्यांच्यासमोर टीव्हीवर मॅच बघायचीसुद्धा लाज वाटायची."

बाबा, तुम्हालाही हे माहीत नव्हतं ना? तुम्ही त्याच्या रागाला भीत होतात आणि तो तुमच्यासमोर लाजत होता. एका छताखाली, तीन वर्षं.

मग मात्र तो रागावला. दार उघडून उतरला, त्या पार्किंग लॉटमध्ये गाड्यांमधून फेऱ्या मारत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "एक वाक्य होतं," तो म्हणाला. "एका वाक्याला किती वेळ लागतो?"  मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी येईपर्यंत तो रडत होता आणि मी गाडी चालवत होते.

मी चुकले का? तुम्ही सांगायचं होतं ते मी सांगून टाकलं. तुमच्या तोंडून त्याला जे ऐकायला मिळायला हवं होतं, ते त्याला दुकानासमोरच्या गाडीत, माझ्या तोंडून मिळालं. ते तेवढं खरं वाटलं असेल का? मला माफ करा, पण वेळ आली तर मी पुन्हा हेच करेन.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. निखिल एकदम रेवाला म्हणाला, "मी कबड्डी खेळायचो. तुझ्याएवढा असल्यापासून."

रेवाने घास तसाच धरला. "यू डिड? वेअर यू गुड?"

 त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "चांगला होतो."

बाबा, तुमचा फोटो बैठकीत लावला आहे. हार आहे, समोर उदबत्ती असते. पण तुम्हाला कधीच न चुकलेला माणूस करून भिंतीवर बसवणार नाही, एवढं मी तुम्हाला कबूल करते. रेवा आज ना उद्या विचारेल, बाबाने खेळणं का सोडलं. तेव्हा मी विषय बदलणार नाही. आजोबा घाबरले होते, एवढं मी सांगेन. घाबरलेले असूनसुद्धा ते त्याला किती जीव लावत होते, ते तिला तिच्या बाबाकडून ऐकू दे. त्याला सांगता येईल तेव्हा.

तुमची,
अश्विनी