माळ्यावरचा कूलर

पुणे

राजशेखरच्या अप्पांना जगदेवीचा शरणार्थ.

फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहून राहिले. कागद तरी मधीच बंद करता येत न्हाई.

निघताना काय सांगितलं होतं? थंडी सरली की वाकळा उन्हात घाला, कडुनिंबाचा पाला टाकून पेटीत ठेवा. माळ्यावरच्या कूलरला मात्र हात लावू नका, पुतण्या येऊन उतरवील. तुम्ही मान हलवली होती.

आणि काल समोरची अंबिका फोनवर विचारते, "काकू, काकांचं प्लास्टर कधी काढणार?" कसलं प्लास्टर? मला तर तुम्ही हात जरा मुरगळला म्हणाला होता! स्टुलावर चढून एकट्यानं कूलर ओढला, अन् कूलरसकट खाली आलात. या वयात! डोक्याला लागलं असतं म्हंजे? मला लई राग आलाय.

वर अंबिकाला सांगता, "जगदेवी येणार हाय, तिला उकाडा सोसत न्हाई." मी मागितला होता का कूलर?

सून आणि बाळ बरी हायेत. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, स्वभाव तेवढा जाऊ नये.

उजवाच हात ना? मग जेवता कसं? रात्री ठणकतो का? हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

पुढच्या रविवारी मी अहमदपूरला येणार हाय. दार उघडायला उठू नका, किल्ली अंबिकाजवळ ठेवा.

अजून रागातच,
जगदेवी