ग्राइंडर वन्संच्या स्वाधीन

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेली विधवा बाई, राहत्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पूर्ण नाव, वय व पत्ता वकीलबाईंनी वरच्या पानावर टाइप करून जोडले आहे, म्हणून येथे पुन्हा लिहीत नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मी कसल्याही अमलाखाली नाही. सकाळी एक कप कॉफी घेतली आहे, तेवढीच. मी आज पूर्ण शुद्धीवर आहे. त्यातला 'आज' हा शब्द नसला तरी चालेल असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, राहू दे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, पण तो किती दिवस खरा राहील हे डॉक्टरांनाही सांगता आलेले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. 'केल्याचे आठवत नाही' असे आधी लिहिले होते, पण त्या शब्दांची मलाच भीती वाटली, म्हणून खोडले. खाडाखोडीवर सही केली आहे.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बंद केलेली गॅलरी, जिथे माझे कामाचे टेबल आहे. हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझ्या नणंदबाईंना, म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या बहिणीला, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्यांच्या हयातीपर्यंत येथे राहण्याचा हक्क असेल. तोवर कोणी घर विकू नये, भाड्याने देऊ नये, 'दुरुस्तीपुरते रिकामे करा' असेही म्हणू नये. त्यांच्यानंतर घर माझ्या मुलाचे.

मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. सगळे कळल्यावर त्याने फोनवरच निकाल लावून टाकला. "आई, घर विकून टाकू. तू आमच्याकडे ये. आत्याला तिची लेक नेईल." लेकीच्या घरी एकच खोली, त्यात तिची सासू, आणि आता तान्हे बाळ. आत्याने झोपायचे कुठे हे त्याने विचारात घेतले नव्हते. ते मी इथे घेतले आहे.

कलम २. बँकेतील ठेवी. त्यातून आधी माझी देखभाल व्हावी. ती लांबेल अशी शक्यता आहे. उरेल ते वन्सं व मुलगा यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. सुनेला माझ्या बांगड्या. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणूनच.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, चिमटे, घासण्याचे छोटे यंत्र आणि त्याची चाके, दातांच्या दवाखान्यात माझ्यानंतर माझ्या जागी बसलेल्या मुलीला द्यावीत. तिचा हात चांगला आहे, फक्त मेण फार तापवते. त्या दवाखान्याच्या मालकांना यातले काहीही जाऊ नये. त्यांनी माझ्या हातची कवळी स्वतःची म्हणून दंतवैद्यांच्या सभेत दाखवली आणि मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभे ठेवले. ते भेटायला आले तर चहा द्यावा, वस्तू देऊ नये.

बिजागरीची चौकट, ज्यावर प्लास्टरचे वरचे आणि खालचे जबडे बसवून चावा जुळतो का ते पाहतात, ती मात्र कोणालाच देऊ नये. ती भंगारात टाकावी. कारण पुढील कलमात आहे.

कलम ४. कॉफीचा ग्राइंडर. हा मी वन्संना देत आहे, आणि मी मरण्याची वाट न पाहता, आजपासूनच. यापुढे मी त्याला एकटीने हात लावणार नाही.

तो कसा चालतो ते लिहून ठेवणे भाग आहे. आत पोलादी दातांचे दोन तुकडे असतात. खालचा शंकूसारखा, तो फिरतो. वरचा कड्यासारखा, तो स्थिर असतो. त्या दोघांच्या फटीत कॉफीच्या बिया दळल्या जातात. आमच्या घरात त्यांना वरची कवळी आणि खालची कवळी म्हणतात. हे नाव मी गमतीत ठेवले होते. आता ती गंमत मला सोसत नाही.

वन्सं लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा घरात मी एकटीच होते. एका सकाळी ग्राइंडर सुरू केला, तर दळण्याचा आवाजच नाही. नुसता मोटरचा घुमारा, आणि सगळ्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या खालच्या कपात टपाटप पडल्या. प्लग काढला, वरचे भांडे उतरवले, आत पाहिले. वरची कवळी नव्हती. बाकी सगळे जिथल्या तिथे, घट्ट बसवलेले. मी टेबलाखाली शोधले, कचऱ्यात शोधले. शेवटी तोंड धुवायला न्हाणीघरात गेले तर ती आरशाखालच्या फळीवर, पेल्यात, पाण्यात बुडवून ठेवलेली. पाण्याला कवळी धुण्याच्या गोळीचा वास येत होता. दातांवर तांबूस गंज धरला होता.

घराची कडी आतून लावलेली होती. खिडक्यांना गज आहेत. तरी कोणीतरी आत आले होते, माझे यंत्र उघडून, त्यातला एकच तुकडा काढून, पेल्यात ठेवून गेले होते. चोर असता तर बांगड्या नेल्या असत्या. हे करणाऱ्याला नुसते मला घाबरवायचे असावे, असे मला वाटले, आणि ते जास्त भयंकर होते.

मी कुलूपवाल्याला बोलावले. तो आला, गुडघ्यावर बसून त्याने दाराचे कुलूप टॉर्चने पाहिले, चौकट चाचपली.

"काकू, याला कोणी हात लावलेला नाही."

"दुसरी किल्ली केली असेल कोणी."

"किल्ली असली तरी आतली कडी कशी काढणार?"

"तरी बदला."

त्याने बदलले. साखळीही बसवली. जाताना म्हणाला, "कोणाला तरी बोलावून घ्या सोबतीला." मी म्हटले, हो. कोणाला बोलावले नाही. मुलाला फोन केला असता तर त्याने माझे सामान बांधायला घेतले असते.

गंज काढण्यासाठी कवळी कोरड्या ब्रशने घासली आणि परत बसवली. काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी ग्राइंडरमधून पुन्हा अख्ख्या बिया पडल्या. दाराची साखळी लावलेलीच होती. मी तिला हात लावून पाहिले, ताणून पाहिले. मग घरभर फिरले. गॅलरीतल्या टेबलावर, बिजागरीच्या चौकटीवर, वरच्या जबड्याच्या जागी, ते पोलादी कडे मेणाने बसवलेले होते.

मी जवळ जाऊन पाहिले. मेण नीट वितळवून ओतले होते, कुठे बुडबुडा नव्हता. कडेला सुरीने एकच उतरता काप दिला होता, आणि टोकाला अंगठ्याने दाबून गुळगुळीत केले होते. तसा काप आमच्या दवाखान्यात दुसरे कोणी देत नसे. माझ्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा आडवा व्रण आहे. मेणावर तो उमटला होता.

मी तिथेच खुर्चीत बसले. बाहेरून कोणी येत होते तोवर निदान कुलूप तरी बदलता येत होते.

वन्सं परत आल्या तेव्हा मी ती चौकट तशीच ठेवली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चौकटीकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य आले नाही. तेव्हा मी जितकी घाबरले तितकी आधी घाबरले नव्हते.

"वन्सं, तुम्हाला हे माहीत होतं?"

"वहिनी, आधी बसा."

"उभीच बरी आहे मी."

"हे पूर्वीही झालंय. कधी फ्रिजमध्ये असायची, कधी तुमच्या उशीपाशी. तुम्ही उठायच्या आत मी परत बसवायची. एकदा नीट बसली नाही, म्हणून ग्राइंडर किंचाळला."

"तेव्हा मी विचारलं, कोणी हात लावला. तुम्ही म्हणालात, मी."

"म्हणाले."

"मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"तुमच्या बोलण्याची मला सवय आहे."

"गंमत करू नका. का लपवलंत?"

त्या खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या काळजीपोटी लपवलं असं सांगता आलं असतं. पण ते अर्धंच खरं. तुमचा मुलगा तुम्हाला घेऊन गेला असता, घर विकलं असतं. मी कुठे जाणार होते, वहिनी? मला माझीच भीती वाटत होती."

मला संताप आला. मी म्हटले, "तेव्हाच डॉक्टरांकडे गेले असते मी. तो सगळा काळ तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात." चौकट हातात घेऊन त्या मेण खरवडू लागल्या, चुकीच्या बाजूने, आणि मी नेहमीसारखी खेकसले, "तसं नाही, आधी कोमट करा."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचे नाव सांगितले. ते दाखल्यावर आहे. विसरणे वाढत जाईल. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. आधी आले असते तर बरे झाले असते का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, थोडे. वन्सं तेव्हा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

मुलाने विचारले, आत्याने एवढे लपवले आणि तरी तू घर तिला देतेस? होय. या आजाराला माझ्याइतके घाबरलेले माणूस घरात तेवढे एकच आहे. जो घाबरत नाही तो विसरतो, उशिरा येतो, प्लग तसाच ठेवतो. वन्सं विसरणार नाहीत.

आता वन्संसाठी. प्लग काढल्याशिवाय आत बोट घालू नये. मी शेजारी असले तर प्लग काढून स्वतःच्या हातात धरून बसावे. मोटर गुरगुरते पण दळत नाही, तर बी किंवा खडा अडकला आहे. लगेच बंद करावे, जोर करून पाहू नये, मोटर जळते. भांडे रिकामे करून वरची कवळी काढावी आणि अडकलेले ब्रशने पाडावे. काहीच आवाज नसेल तर तो तापला आहे. थंड होऊ द्यावा, मग बुडाशी असलेले लाल बटण दाबावे. कॉफी कधी भरड कधी पीठ अशी येऊ लागली की दातांत तेल साचले असे समजावे. काळ्या, चकाकणाऱ्या बिया आणू नयेत, त्यांनीच ते साचते. कच्चे तांदूळ घालून साफ करायचा सल्ला खालच्या शेजारीणबाई देतात; ऐकू नये. पाणी तर कधीच नाही. दळण जाड-बारीक करण्याचे बाहेरचे कडे मोटर चालू असतानाच फिरवावे, बंद असताना नाही, नाहीतर मध्ये अडकलेल्या बियांवर दात आवळले जातात. कवळी बसवताना आधी उलटे फिरवावे. मळसूत्र जुळल्याचा टक्क आवाज येईल, मग सुलटे. सहज जात नसेल तर ते चुकीचे बसत आहे. हे सगळे वन्सं बघून बघून शिकल्या आहेत, तरी लिहिले. लिहिताना मला एकही पायरी अडली नाही. प्रत्येक पायरीला अडेल की काय असे वाटत होते.

कलम ५. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. पुढे कधी मी म्हणेन की घरात कोणी येते, माझ्या वस्तू हलवते, वन्संनी माझे काही घेतले, किंवा घर त्यांना द्यायचे नव्हते, माझ्याकडून लिहून घेतले. मी हे फार खात्रीने म्हणेन. माझा आवाज हाच असेल, शब्दही नीट असतील. तेव्हा माझ्या मुलाने आणि इतर कोणीही माझ्यावर विश्वास ठेवू नये. या कागदावर ठेवावा. डॉक्टरांच्या नव्या दाखल्याशिवाय मी यात बदल करू लागले तर वकीलबाईंनी मला गोड बोलून परत पाठवावे.

कलम ६. मी वन्संना ओळखेनाशी झाले तर त्यांनी ओळख पटवत बसू नये. मला ते प्रश्न परीक्षेसारखे वाटतील आणि मी जास्त घाबरेन. समोर बसावे, कॉफी द्यावी, नेहमीची. मी हात झटकला तर थोड्या वेळाने पुन्हा द्यावी. माझी सोय दुसरीकडे करायची वेळ आली तर ती वन्सं आणि मुलगा दोघांनी मिळून ठरवावी, एकाने नाही. आणि तिथे मला सोडून जाताना मी पाहत नसताना निघून जाऊ नये. सांगून जावे. मी रडले तरी सांगूनच.

या मृत्युपत्रावर डॉक्टरांनी व कुलूपवाल्याने साक्षीदार म्हणून माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करायची आहे. कुलूपवाल्याला मीच बोलावले. मी घाबरलेली असताना त्याने मला वेड्यात काढले नाही. ज्याला घर मिळते त्याने सहीच्या वेळी समोर नसलेले बरे, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून वन्सं आत्ता शेजारच्या खोलीत गेल्या आहेत. दार लोटून घेत होत्या. मी ते उघडे ठेवायला सांगितले. इथून मला त्यांचा गुडघा आणि मांडीवर ठेवलेला हात दिसतो. मध्येच तो दिसेनासा झाला आणि माझे पेन थांबले. मी हाक मारली नव्हती.

"इथेच आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही करा."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो मला मान्य आहे.

लिहून देणारी: (सही) कवळ्या बनवणारी, निवृत्त

साक्षीदार:
(सही) उपचार करणारे डॉक्टर
(सही) कुलूपवाला

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली. ती काय आहे हे मला विचारले गेले, आणि मी बरोबर सांगितली.