चितेगावची माफी

सर, तुमच्या दैनिकात मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराला पोलिसांनी नुसतं चौकशीला बोलावलं होतं, आपल्या वार्ताहरानं सरळ 'चोर' लिहिलं आणि संपादक म्हणून तुमच्या नजरेतून ते सुटलं. सकाळी मला स्कूटरवर मागं बसवून तुम्ही त्या दुकानात गेलात. मी म्हणालो, "पण सर, चूक तर त्याची हाय." तुम्ही म्हणालात, "लिहिणारा तो, छापणारा मी." भर गिऱ्हाइकांत तुम्ही हात जोडलेत. दुकानदार चाचांनी स्टूल पुढं सरकवलं, म्हणाले, "छप गया सो छप गया मियां, बैठो, चाय पियो." दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पहिल्या पानावर होती.

आता मी मोबाईलवरच्या एका न्यूज चॅनलचा संपादक आहे. गेल्या महिन्यात चितेगावच्या रस्त्यावर एकजण अपघातात पडला होता आणि एका कंपनी कामगाराला त्याच्या खिशात हात घालताना कुणीतरी शूट केलं. 'जखमीला लुटलं' असं लिहून आम्ही ते लावलं. दुसऱ्या चॅनलच्या आधी लावायचं म्हणून एक फोनसुद्धा केला नाही. नंतर कळलं, तो बिचारा जखमीच्या घरी कळवायला त्याचा मोबाईल शोधत होता. दवाखान्यातही त्यानंच नेलं होतं. त्याची बायको ऑफिसात आली. मी म्हणालो, "ताई, व्हिडिओ काढून टाकलाय आम्ही." ती म्हणाली, "तुम्ही काढला वो, पण लोकायच्या मोबाईलातून कोण काढणार? लेकीला शाळेत चोराची पोरगी म्हणतेत."

चॅनलचे मालक म्हणाले, माफी मागितली की चूक कबूल केल्यासारखं होतं, मग केस होते. मी आठ दिवस गप्प बसलो. मग, कुणी बघत नाही अशा भर दुपारी, दोन ओळींची दिलगिरी टाकली. त्यात 'चोर नव्हता' असं कुठंच नव्हतं, 'गैरसमज झाला असल्यास' असं होतं. चितेगावला गेलोच नाही.

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. मला वाटलं, शिव्या घालील. ती म्हणाली, "लई उपकार झाले साहेब, गरिबाचं कोण छापतंय?" आणि मी, सर, मी म्हणालो, "त्यात काय ताई, आमचं कामच आहे ते."

तुम्ही आज हयात असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.