डबीवरची गाठ

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
ऑक्टोबर

प्रिय ताई,

शनिवारी मी फोनवर ओरडले, "ती डबी आत्ताच्या आत्ता फेकून दे." सोमवारी पुन्हा फोन करून म्हटलं, "फेकू नकोस, आहे तशी कपाटात राहू दे." तू म्हणालीस, "नीलू, एकदा काय ते ठरव बाई." तुझं चुकलं नाही. पण फोनवर आपण दोघी 'जेवलीस का, झोप लागली का' याच्या पुढे कधी जात नाही, आणि स्पीकरवर आई असतेच. म्हणून हे कागदावर. अक्षराला हसू नकोस.

दिवाळीपर्यंत सुट्टीवर तिकडे आलेल्या माझ्या ऑफिसातल्या ईशानच्या हाती मी तुझ्यासाठी पाठवलेलं केशर हे केशर नव्हतं, एवढं तुला आता माहीत आहे. ते विष होतं. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. माझ्या हातानं, डबीत भरून, सातव्या महिन्यातल्या माझ्या बहिणीला.

कसं झालं ते सांगते. मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते, त्या कांचनकाकू तुला व्हिडिओवर दिसल्या आहेत. राजीवकाका म्हणजे त्यांचे यजमान, नागपूरचे डॉक्टर, आता निवृत्त. घरामागच्या उतारावर काकूंनी एक दगडबाग केली आहे. माती कमी, खडीच जास्त, मोठाले दगड आणि त्यांच्या फटींमधून उंच बर्फाळ डोंगरांवरची इवलीइवली झाडं. काही उशीसारखी गोल फुगतात, काही दगडाला शेवाळासारखी चिकटून राहतात. थंडी कितीही पडो, त्यांना काही होत नाही. पण पायाशी पाणी साचलं की संपली. "माझ्यासारखीच आहेत," काकू म्हणतात, "स्नो चालतो, ओल चालत नाही." रविवारी सकाळी मी त्यांना खडी पसरायला मदत करते. बाबांच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर आपण खडी पसरायचो, तसं वाटतं.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता काकूंनी इथल्या चर्चच्या रोपविक्रीतून एक पिशवी कंद आणले. पाटीवर लिहिलं होतं, ऑटम क्रोकस. काकूंचा आनंद गगनात मावेना. "अगं, क्रोकस म्हणजे केशर. ऑटम म्हणजे शरद. केशर शरदातच फुलतं. मग झालं की!" मला ते अगदी पटलं. काश्मीरचं केशर आपल्या दगडांत, आपल्या हातचं, काही फवारलेलं नाही. मी ऑफिसात औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते, दुसऱ्याच्या प्रत्येक दाव्याला पुरावा मागते. काकूंना मात्र काहीच विचारलं नाही.

यंदा सप्टेंबरात ती फुलं आली. पान एकही नाही, उघड्या खडीतून थेट जांभळट गुलाबी फूल वर. आपल्या भुईचाफ्यासारखं. इथं हरणं बागेत काही टिकू देत नाहीत, गुलाब, टोमॅटो, सगळं खाऊन जातात. पण या फुलांना त्यांनी तोंड लावलं नाही. काकू कौतुकानं म्हणाल्या, "बघ, मुक्या जनावराला पण कळतं, हे देवाच्या नैवेद्याचं आहे." मुक्या जनावराला कळलं होतंच, ताई. आम्हाला कळलं नव्हतं.

फुलातल्या काड्या लाल नव्हत्या, पिवळ्या होत्या. मी एकदाच म्हटलं, "काकू, केशर लाल असतं ना?" त्या म्हणाल्या, "बाजारातलं रंगवलेलं असतं गं. घरचं असंच फिकं." हेही मला पटलं. त्यांनी त्या काड्या चिमट्यानं खुडल्या, पेपर नॅपकिनवर वाळवल्या आणि चांदीच्या कुंकवाच्या डबीत भरल्या. ती डबी त्यांच्या आईची. वर लाल दोरा गुंडाळून, ओटीच्या खणाला त्यांची आई मारायची तशी गाठ मारली. म्हणाल्या, "कोजागिरीला आपण दुसऱ्या बहराचं घालू. पहिला बहर पोटुशीचा." त्यांना मूलबाळ नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या सोनोग्राफीचा फोटो त्यांनी फ्रिजवर लावलाय.

मला नाही म्हणता येत होतं का? आपलं भांडण तुला आठवत असेल. आईनं पहिल्या महिन्यांत केशराची भुणभुण लावली, तेव्हा मी फोनवर केवढं भाषण दिलं होतं. गोरं मूल दुधात विरघळवून मिळत नाही, काळेपणा हा काही आजार नाही, वगैरे वगैरे. तू एवढंच म्हणालीस, "नीलू, तू शिकलीस. तुला बघायला येऊन कुणी चहा न पिता उठून गेलंय का?" माझं भाषण तिथंच संपलं. म्हणून काकूंनी डबी दिली तेव्हा वाटलं, जाऊ दे, ताईला बरं वाटेल. पुढचे दोन आठवडे आई रोज सांगायची, "रेणू पिते हं, पिवळंधमक दूध." एकदा तर तू व्हिडिओवर पेला उंच करून दाखवलास.

मग तो शनिवार. आमच्या शेजारची डोना सकाळी बाग बघायला आली, सोबत तिचा कुत्रा, बिस्किट त्याचं नाव. बिस्किटनं त्या फुलात नाक घातलं मात्र, डोनानं पट्टा असा हिसकला की ते बिचारं कोलमडलं. "नो बिस्किट, नो! कांचन, तुझी कोल्चिकम सुंदर आहेत हं, पण फार पॉयझनस, मी याला लांबच ठेवते." काकू हसल्या. "डोना, धिस इज सॅफ्रन. वुई पुट इन मिल्क." डोनाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं गुडघ्यावर बसून एक फूल उघडलं. केशराला तीन लाल काड्या, याला सहा पिवळ्या. इथले लोक दोन्हीला क्रोकसच म्हणतात, पण दोघांचं नातंसुद्धा नाही. मग तिनं हळूच विचारलं, "कुणी प्यायलं तर नाही ना?"

राजीवकाका दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी बागेतल्या फुलांची नावं कधी विचारली नाहीत, पण हे नाव ऐकून कप कठड्यावर ठेवला. "कोल्चिकम? माझ्या सांधेदुखीच्या, गाऊटच्या गोळीत असतं ते? कांचन, ते एवढंसं मोजून घ्यावं लागतं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडच्या कळलावीत हेच विष."

कळलावी. ताई, मी फोनकडे धावले. आठवतं, ओढ्याकाठच्या कुंपणावर ती ज्वाळेसारखी फुलं तोडली म्हणून आईनं आपल्या दोघींच्या हातांवर फटके मारले होते? म्हणाली होती, हिचं नावच कळा लावणारी, गरोदर बाईनं हिच्या सावलीला उभं राहू नये.

तुमच्याकडे संध्याकाळ होत आली होती. तुझ्या दुधाची वेळ जवळ आलेली. तू फोन उचलला नाहीस, आईनं उचलला. मी म्हटलं, "आई, ताईला ते केशर देऊ नकोस." आई म्हणाली, "झालं हिचं सुरू! आता गोऱ्या नातवंडावरून अमेरिकेतून भाषण." मी विष म्हटलं, कोल्चिकम म्हटलं, डॉक्टर म्हणतात म्हटलं. ती म्हणाली, "लोकं वर्षानुवर्षं पितात, कुणी मेलं नाही," आणि फोन ठेवायलाच निघाली. मी इतकी वर्षं त्याच आवाजात तेच बोलत आले होते, आता खरी आग लागली तर कोण ऐकणार? तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आई, ती कळलावी आहे गं. कळलावी."

फोन पडल्याचा आवाज आला. मग आईची हाक, "रेणूऽ!" अशी हाक मी जन्मात ऐकली नव्हती. मागून काका मला सांगत होते, उलटी, जुलाब, पोटात कळ, काही आहे का विचार. काकू फुलांकडे बघत उभ्या होत्या, हातात चिमटा तसाच.

मग तू फोनवर आलीस. धापा टाकत होतीस, आणि आवाज मात्र शांत. म्हणालीस, "रडू नकोस. मी एक काडीही घातली नाही. हळद होती ती."

मला समजेना. तू मग आईपासून लांब जाऊन, दार लावून सांगितलंस. पहिल्या दिवसापासून दुधात चिमूटभर हळद. डबी कपाटात, साड्यांखाली, उघडलीसुद्धा नाही. "तू म्हणालीस ते डोक्यात बसलं होतं. बाळ माझ्यासारखं सावळं झालं तर होऊ दे, त्याला दुधात बुडवून कशाला बदलायचं? पण आईला कोण समजावणार? आणि तुला सांगितलं असतं तर आणखी भाषण दिलं असतंस." एवढं बोलून तू हसलीस. मी हसू शकले नाही. विषानं बसला नसेल एवढा धक्का मला त्या हळदीनं बसला. मला वाटायचं, माझ्या बोलण्यातलं एक अक्षर तुझ्यापर्यंत पोचत नाही. तू वर पेला दाखवत होतीस आणि आत माझं म्हणणं पाळत होतीस. आणि मी, ते म्हणणारी, डबी पाठवत होते.

आता काकूंचं. त्या दिवसापासून त्या बागेत गेलेल्या नाहीत. फ्रिजवरचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, बाळाकडे बघायचा मला अधिकार नाही म्हणतात. त्या कंदांबरोबर सगळी दगडबागच उपटून टाकायला माणूस सांगितलाय त्यांनी. काकांनी मिनतवारीनं त्याला दिवाळीपर्यंत थांबवलंय. मी हळदीचं शंभरदा सांगितलं. त्या मान हलवतात आणि मग मला जवळ घेऊन म्हणतात, "तू गुणी आहेस गं. म्हातारीला झोप लागावी म्हणून किती छान गोष्ट रचलीस." तू पाठवलेला डबीचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "दोरा काय, नंतरही बांधता येतो." त्यांची खात्रीच आहे, तू प्यायलीस, बाळाला काहीतरी होणार आहे आणि आम्ही सगळे ते लपवतोय.

म्हणून सोमवारी तुला डबी फेकू नको म्हटलं, आणि म्हणूनच हे पत्र. ती गाठ काकूंच्या आईची आहे ताई, दुसऱ्या कुणाला तशी येत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, नाही जमली. दोरा सोडू नकोस, डबी उघडू नकोस. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांध, वर मोठ्या अक्षरात 'विष' लिही, आणि दिवाळीनंतर परत निघण्याआधी ईशान घरी येईल, त्याच्या हाती दे. त्याला मी सगळं सांगितलंय. काकूंना माझे शब्द नकोत, तुझेही नकोत. त्यांची स्वतःची गाठ, त्यांच्या स्वतःच्या बोटांना, न सुटलेली लागू दे.

तुझीच,
नीलू

ता. क. ईशानच्या बॅगेत बाहेरच्या कप्प्यात, डबीपासून लांब, वेगळ्या पुडीत, थोडी तुझी हळद घाल. या वर्षी कोजागिरीला आम्ही दूध आटवलंच नाही. डबी आली की आटवू.